ओग्रेवमधला ओ

विदोये पेत्रूशिचला नगरपालिकेत एकोणीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्याच्या हातून चूक झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. याचा अर्थ चुका झाल्या नव्हत्या असा नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याची चूक पकडायची तर सर्व्हरच्या नोंदी वाचाव्या लागतात, आणि त्या इमारतीत नोंदी वाचणारा माणूस एकच होता, खुद्द विदोये.

माणूस तसा वाईट नव्हता. सत्तेचाळीस वर्षांचा, उंच, खांद्यात वाकलेला. कॉफी बिनसाखरेची. सिगारेट सोडल्याला सहा वर्षं झाली होती, पण ते सांगायची खोड काही सुटली नव्हती. कुणाचा प्रिंटर अडला की कुरकुरत का होईना, जाऊन नीट करून द्यायचा. फक्त एका गोष्टीचा त्याला गर्व होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. "मी आधी नोंद वाचतो, मग तोंड उघडतो," असं तो म्हणायचा. बाकीचे आधी तोंड उघडतात हा त्यातला टोमणा ज्याला लागायचा त्याला लागायचा.

तो टोमणा बहुतेक वेळा स्मिल्यानासाठी असायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत दोघांची टेबलं समोरासमोर होती. स्मिल्याना एकसष्ट वर्षांची, विधवा. मोरावा नदीकाठची कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या संगणक विभागातून नगरपालिकेने तिला उचललं, पण कायम कधी केलं नाही. दर डिसेंबरात तिचा करार नव्याने व्हायचा. पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. पोर्टलवरचे सगळे अर्ज, जन्मदाखल्यापासून कुत्र्याच्या नोंदणीपर्यंत, तिनेच लिहिलेले होते. ती सगळ्यांना "शेजारी" म्हणायची, महापौरालासुद्धा, आणि विदोयेला तर हक्काने.

या दोघांच्या भांडणाचं मूळ त्यांच्या कामातच होतं. कुठल्याही कचेरीत खिडकीवरचा कारकून तुमचा कागद घेतो, मागच्या खोलीत देतो आणि तिथून उत्तर आलं की तुमच्या हातात ठेवतो. विदोयेचा वेब सर्व्हर म्हणजे तो खिडकीवरचा कारकून. स्मिल्यानाचे प्रोग्राम म्हणजे मागची खोली. मागून उत्तर यायला फार वेळ लागला तर कारकून ५०४ असा आकडा दाखवून मोकळा होतो. मागे कुणी सापडलंच नाही तर ५०२. लोक शिव्या देतात कारकुनाला. कारकून म्हणतो, मागचे काम करत नाहीत त्याला मी काय करू. मागचे म्हणतात, आमच्याकडे कागद आलाच नाही. पोर्टल सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. दहातल्या आठ वेळा विदोये बरोबर निघायचा. हा हिशेबही त्याचाच.

ओग्रेव म्हणजे सरपण. आमच्याकडे नोव्हेंबरात दुसरं बोलणंच नसतं: कुणाचं लाकूड आलं, कुणाचं ओलं निघालं, कुणाचं अजून कापायचंय. एकट्या म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना नगरपालिका दर हिवाळ्यात चार घनमीटर लाकूड फुकट देते. पूर्वी अर्ज कागदावर व्हायचा. त्या वर्षी नव्या महापौराने जाहीर केलं की अर्ज फक्त पोर्टलवर, आणि शेवटची मुदत शुक्रवार दुपारी तीन. ज्यांच्या घरात चुलीखेरीज दुसरं यंत्र नाही त्यांनी पोर्टल उघडावं हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याने उभ्या आयुष्यात लाकूड फोडलेलं नसणार. म्हातारी माणसं सकाळच्या बसने येऊन तळमजल्याच्या दालनात बसायची आणि तिथे दोन मुली त्यांच्या वतीने अर्ज भरायच्या.

गुरुवारी पोर्टल धापा टाकायला लागलं. ओग्रेवच्या गर्दीत जन्मदाखलेही अडकले, जिकडेतिकडे ५०४. शुक्रवारी सकाळी दोघांनी मिळून तोड काढली. ओग्रेवच्या अर्जासाठी प्रोग्रामची एक वेगळी प्रत चालवायची, म्हणजे गर्दी तिकडे वळेल आणि बाकीची कामं मोकळी होतील. स्मिल्यानाने प्रत चालू केली आणि तिच्या पत्त्याला सरळ "ओग्रेव" असंच नाव दिलं. विदोयेने सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्या पत्त्याची ओळ लिहिली. त्याआधी, नियमाप्रमाणे, बदल कुणी केला आणि का केला याची टीप लिहिली. टीप सिरिलिक या आमच्या जुन्या लिपीत, कारण सरकारी लिखाण सिरिलिकमध्येच असलं पाहिजे असा विभागप्रमुख रातोमिरचा लेखी आदेश होता. खालची ओळ लॅटिन लिपीत, म्हणजे इंग्रजीच्या अक्षरांत, कारण सर्व्हरचे सगळे पत्ते लॅटिनमध्येच होते.

अकरा वाजता दालनातून फोन आला. ओग्रेवचा अर्ज उघडत नव्हता.

"शेजारी, खाली पाचशे दोन येतंय," स्मिल्याना म्हणाली.

"दिसतंय. तुझी प्रत मेलीय."

"चांगली धडधाकट आहे. माझ्यासमोर चालतेय."

"नोंद वाचून दाखवू? ओग्रेव, असा पत्ता अस्तित्वात नाही. मी नाही म्हणत हं, सर्व्हर म्हणतोय."

"मग त्याला चष्मा घेऊन दे. ये, बघ इथे. हा काय पत्ता. ओ, ग, र, ए, व. तुला वाचता येतं ना?"

विदोये टेबलाला वळसा घालून गेला आणि त्याने पाहिलं. पत्ता होता. क्षणभर तो गोंधळला. पण नोंदीवरचा विश्वास इतका जुना होता की त्यानेच त्याच्यासाठी उत्तर शोधून दिलं. "आत्ता आहे. मघाशी नसणार. पडतेय आणि उठतेय. परत चालू कर."

तिने परत चालू केली. पाच वेळा केली. त्याने परवानग्या तपासल्या, जागा तपासली, सर्व्हर बंद करून उघडला. प्रत्येक वेळी तेच वाक्य, असा पत्ता अस्तित्वात नाही.

"माझ्याकडे एकही अर्ज आलेला नाही, विदोये," ती म्हणाली. आता तिने शेजारी म्हणणं सोडलं होतं. "एकही नाही. गर्दीने पडली असती तर आधी गर्दी आत आली असती की नाही? तू मागे जा. सकाळी होतं तसं कर."

"म्हणजे सगळंच पुन्हा बंद पाडू? तू तुझं सरळ कर, मग मला सांग."

हे साडेबाराला. सकाळसारखं करायला एक मिनिट लागलं असतं. पण तसं करणं म्हणजे आपली तोड फसली असं मान्य करणं, आणि विदोयेने ते दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत केलं नाही. केलं तेव्हा तीन तास खोळंबलेली सगळी गर्दी एकदम जुन्या वाटेवर आली आणि पुन्हा ५०४ सुरू झालं. तीन वाजता अर्ज आपोआप बंद झाला, त्याला तसंच सांगून ठेवलेलं होतं.

विदोये खाली गेला तेव्हा दालन भरलेलं होतं. ओरडत कुणीच नव्हतं. माणसं ओळखपत्रं पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवत होती. रबरी बूट घातलेल्या एका म्हाताऱ्याने त्याची बाही धरली. "तुम्ही त्यातले दिसता. मी आता इथेच बसू, का जाऊ? साडेचारची बस शेवटची आहे."

"घरी जा, आजोबा. कळवतील तुम्हाला."

कुणी कळवणार नव्हतं. मुदत वाढवायची तर ठराव लागतो आणि ठराव करणारी सभा जानेवारीत होती. हे विदोयेला माहीत होतं, तरी तो तसं म्हणाला.

चार वाजता रातोमिरने त्याला बोलावलं. रातोमिर मोठा साहेब असल्यासारखा कधी वागायचा नाही, अरेतुरे करायचा, खांद्यावर हात ठेवायचा. म्हणूनच लोक त्याला जास्त घाबरायचे.

"ऐक. महापौरांना मंगळवारी वार्ताहरांसमोर उभं राहायचंय. त्यांना एक नाव पाहिजे. मशीन बिघडलं असं सांगून चालणार नाही. तुमच्या खोलीतून एक जण जाणार. कोण, ते तुझी नोंद सांगेल. लिहून दे."

विदोयेने तीन ओळी लिहिल्या. अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे, ओग्रेवचा प्रोग्राम उपलब्ध नव्हता. खाली सही. तेव्हा त्यातलं अक्षर न् अक्षर त्याला खरं वाटत होतं, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

स्मिल्याना कोट चढवत होती. "काय लिहिलंस?"

"नोंदीत आहे ते."

"बरं," ती म्हणाली. "रविवारी जेवायला येते. तुझ्या राडाला सांग, माझ्यासाठी दोन सारमे बाजूला काढून ठेव."

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात आंबवलेल्या कोबीचा वास भरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांची स्लावा होती, म्हणजे कुळाच्या संताचा दिवस, आणि विदोयेची बायको राडा कोबीची पानं सोलून, त्यांत खिमा भरून सारमे वळत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विदोये लॅपटॉप घेऊन बसला. स्मिल्यानाचं ते वाक्य त्याला सोडत नव्हतं: एकही अर्ज आलेला नाही. पडणाऱ्या प्रोग्रामकडे निदान पहिला अर्ज तरी पोचतो.

त्याने ती ओळ पुन्हा पाहिली. बरोबर होती. मोठी करून पाहिली, तरी बरोबर. मग काही तरी करायचं म्हणून त्याने मशीनला ते नाव मोजायला सांगितलं. लॅटिनमध्ये ओग्रेवची पाच अक्षरं होतात आणि मशीन ती पाचच मोजतं. मोजणी आली सहा. सिरिलिक अक्षर मशीनच्या लेखी दोन जागा घेतं.

आमच्या लोकांच्या बोटांत दोन लिप्या असतात आणि एका बटणाने एकीतून दुसरीत जाता येतं. दिवसातून पन्नास वेळा आम्ही ते बटण दाबायला विसरतो. शुक्रवारी सकाळी विदोयेने टीप सिरिलिकमध्ये लिहिली आणि खाली जुन्या ओळीची नक्कल उतरवून बटण न दाबताच तिच्यातला पत्ता बदलायला घेतला. पहिला ओ उमटला. पुढचा ग सिरिलिक उमटला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने तो एक ग खोडला, बटण दाबलं आणि पुढची अक्षरं नीट लॅटिनमध्ये लिहिली. ओ तसाच राहिला. दोन्ही लिप्यांत ओ म्हणजे एक गोल, डोळ्यांना कुठला काय ते कळायला मार्ग नाही. पण मशीनच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं, त्यामुळे त्या नावाचा पत्ता खरोखरच अस्तित्वात नव्हता. नोंद खरं बोलत होती. स्मिल्यानाही खरं बोलत होती.

"तोंड का असं झालंय?" राडाने विचारलं.

"काही नाही. डोकं दुखतंय."

त्याने लॅपटॉप मिटला. रातोमिरला फोन करायला हवा होता, आणि फोन हाताशीच होता. नंतर त्याने स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली, की शनिवारी कोण फोन घेतो, की लेखी देणं बरं, की तिला फार तर समज देतील. यातलं एकही खरं नव्हतं. त्याला भीती वाटली, एवढंच. एकोणीस वर्षं ज्या गोष्टीवर तो मान वर करून चालला होता ती त्याच्या हातून गेली होती, आणि हे अजून दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

रविवारी एकच्या सुमाराला स्मिल्याना आली, पिशवीत वाइनची बाटली आणि कॉफीचा पुडा. मेणबत्ती जळत होती, टेबलाभोवती राडाचे भाऊ, शेजारपाजारचे, दोन चुलत्या. स्लावेच्या दिवशी यजमान बसत नाही, उभ्याने सगळ्यांना वाढतो. विदोये दिवसभर उभा होता. स्मिल्यानाने दोन सारमे खाल्ले, तिसरा मागितला, आणि शुक्रवारची हकिकत सांगून सगळ्यांना हसवलं. "पाच वेळा मारला आणि पाच वेळा उठवला मी तो प्रोग्राम. इतकं तर आमच्या गिरणीलाही कुणी उठवायचा प्रयत्न केला नाही."

निघताना दारात कोटाची बटणं लावता लावता ती थांबली. आत गाणं सुरू झालं होतं.

"विदोये, एक विचारू? माझं काही चुकलं असेल का रे? मी कालपासून सगळा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचतेय. मला काही सापडत नाही. आता वाटायला लागलंय, माझे डोळेच गेले की काय. तुला काही दिसलं असेल तर सांग. मी वाईट वाटून घेणार नाही."

तिने हे अगदी साधेपणाने विचारलं. विदोयेच्या हातात रिकामा ट्रे होता.

"कुणाचंही होतं असं," तो म्हणाला. "विचार नको करूस."

"दोन वर्षं ढकलायचीत फक्त," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

सोमवारी त्याने सगळं कागदावर लिहून काढलं, मोजणीसकट, आणि रातोमिरकडे गेला. रातोमिर जिल्ह्याच्या बैठकीला गेला होता. विदोयेला हायसं वाटलं. समोर स्मिल्याना मान खाली घालून आपला प्रोग्राम वाचत होती, आणि त्याला हायसं वाटलं होतं. मंगळवारी सकाळी आठला तो पुन्हा गेला. रातोमिरच्या टेबलावर स्मिल्यानाला द्यायच्या पत्राची सही झालेली प्रत पडली होती. कराराची मुदत वाढवण्यात येणार नाही, आजपासून कामावर येण्याची गरज नाही.

"साहेब, हे थांबवा. चूक माझी आहे." त्याने कागद पुढे सरकवला.

रातोमिरने तो दोनदा वाचला. कागदावर नाव दोन वेळा छापलेलं होतं, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. "दोन्ही सारखीच आहेत."

"दिसायला सारखी आहेत. पहिल्यातला ओ सिरिलिक आहे."

"विदोये, तू भला माणूस आहेस. तिला वाचवायला बघतोयस, कळतं मला. पण मी महापौरांकडे जाऊन काय सांगू? की शेकडो म्हाताऱ्यांचं लाकूड गेलं, कारण ओ हा ओ नव्हता?"

"वाचवत नाहीये. मशीनला मोजायला सांगा, ते दाखवेल."

रातोमिरने चष्मा काढला. मग तो कागद तिसऱ्यांदा वाचत असताना त्याचा चेहरा बदलला. त्याला सगळं समजलं होतं. "आणि ही टीप सिरिलिकमध्ये का लिहिलीस? माझ्या आदेशावरून. म्हणजे फिरून माझ्याकडेच येतं." त्याने चष्मा पुन्हा चढवला. "हे बघ. तिच्या पत्राला जावक क्रमांक पडलाय. शुक्रवारचा तुझा सहीचा कागद त्याला जोडलाय. आता हा दुसरा कागद दिलास तर ती परत येत नाही, फक्त तूही जातोस, आणि खोटं लिहून दिल्याबद्दल वर आणखी काहीतरी. द्यायचाय? आवक खिडकी खाली आहे. मी अडवत नाही."

त्याने कागद टेबलाच्या कडेला ठेवला. विदोयेने तो उचलला, चार घड्या घातल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. जिन्यावर तो थांबला. खाली आवक खिडकी उघडी होती, बाई मोकळी बसली होती. तो वर गेला.

स्मिल्याना सामान आवरत होती. कॉफीचं भांडं, चपला, गिरणीच्या काळातला एक फोटो. पत्र तिला पोचलं होतं. तिने त्याच्याकडे पाहून खांदे उडवले. "जाऊ दे, शेजारी. वाचून वाचून मीच कंटाळले होते."

"स्मिल्याना, तुझं काही चुकलं नव्हतं." त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टीप, बटण, ओ, सहा. तिला समजायला रातोमिरइतका वेळ लागला नाही. निम्म्यातच तिने मान हलवली आणि तिच्या चेहऱ्यावर, देव जाणे कसं, समाधान आलं.

"म्हणजे डोळे शाबूत आहेत माझे," ती म्हणाली. "ओ. अगं बाई. हे कुणाला सापडलं असतं? तुलाच सापडणार." मग तिने विचारलं, "साहेबाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"लेखी?"

"कागद खिशात आहे."

तिने त्याच्या कोटाकडे पाहिलं. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, खोक्यात ठेवला. मग हात तसाच ठेवून विचारलं, "कधी सापडलं तुला?"

विदोयेला वाटलं, आज सकाळी म्हणावं. काल म्हणावं. पण निदान एवढं तरी खरं सांगायला हवं होतं.

"शनिवारी."

स्मिल्याना खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावरचं ते समाधान गेलं. रागही आला नाही. ती काहीतरी मोजत असावी असं वाटलं.

"मी रविवारी तुझ्या दारात उभी राहून विचारलं तुला."

"हो."

"तू म्हणालास, कुणाचंही होतं."

"हो."

"त्यानंतर दोन रात्री," ती म्हणाली, "मी परत पहिल्या ओळीपासून वाचत बसले रे. आपलं कुठे चुकलं ते शोधत."

खोक्याला दोरी बांधायची होती. विदोये मदतीला वाकला, पण तिने खोकं स्वतःच्या बाजूला ओढून घेतलं आणि गाठ एकटीनेच मारली.